नाण्याचे पाच प्रश्न आणि त्यांची वेगवेगळी दारं

नाणी जमवायला सुरुवात केली की माहितीचा पूर येतो. मोबाइलवर व्हिडिओ येऊ लागतात, कोणी जुन्या कॅटलॉगची पीडीएफ पाठवतं, विक्रीच्या साइटवर एकाच नाण्याच्या दहा किमती दिसतात. यातलं खरं काय, हे नवख्याला ठरवता येत नाही आणि बऱ्याचदा तो सगळ्यांत ठासून बोलणाऱ्यावर विश्वास ठेवतो. गोंधळाचं मूळ मला वाटतं इथे आहे: सगळी उत्तरं आपण एकाच दारात मागतो.

कुठल्याही नाण्याबद्दल प्रश्न पाचच असतात. हे नाणं कुठलं? ते अस्सल आहे का? त्याची अवस्था कशी आहे? ते किती दुर्मीळ आहे? आणि ते साधारण कितीला जातं? या पाचही प्रश्नांना चांगलं उत्तर देणारं एकही पुस्तक नाही, साइट नाही, माणूसही नाही. ओळख पटवायला उत्तम असलेला कॅटलॉग किमतीच्या बाबतीत दहा वर्षं मागे असू शकतो. लिलावाचं संकेतस्थळ किमतीला भरवशाचं, पण तिथलं वर्णन विकणाऱ्याने लिहिलेलं असतं. म्हणून आधी आपला प्रश्न कोणता ते ठरवायचं आणि मग दार ठोठवायचं.

ओळखीपासून सुरुवात करू. गेल्या तीन-चार शतकांतल्या जगभरच्या नाण्यांसाठी क्राउझ आणि मिशलर यांचा ‘स्टँडर्ड कॅटलॉग ऑफ वर्ल्ड कॉइन्स’ हा पाया. पहिली आवृत्ती १९७२ची. पुढे शतकवार जाडजूड खंड निघत गेले. त्यातले केएम (क्राउझ-मिशलर) क्रमांक आजही विक्रेते, लिलाववाले आणि संग्राहक सर्रास वापरतात. नवख्याने याची जुनी आवृत्ती खुशाल घ्यावी. तिच्यातल्या किमती शिळ्या असतात, पण वजन, धातू, चित्रं, टांकसाळीच्या खुणा बदललेल्या नसतात. आणि एक आग्रहाचं सांगणं: पुस्तकाची सुरुवातीची पानं वाचा. बहुतेक जण ती ओलांडून थेट देशाच्या पानावर जातात. वेगवेगळ्या लिप्यांतले अंक, हिजरी सनाचे तक्ते, धातूंची संक्षिप्त रूपं हे सगळं तिथेच असतं.

त्या पानांशिवाय काय चुकतं, याचं एक उदाहरण. पाचवा मेहमेद या ऑटोमन सुलतानाच्या नाण्यांवर १३२७ हा हिजरी सन असतो. साधा हिशेब असा की हिजरी सनाला ०.९७ने गुणून ६२२ मिळवायचे, म्हणजे इसवी सन जवळपास मिळतो. त्याप्रमाणे १३२७ म्हणजे १९०९. पण हे राज्यारोहणाचं वर्ष आहे आणि प्रत्येक नाण्यावर तेच असतं. नाणं खरोखर कधी पाडलं ते सांगणारा राज्यवर्षाचा, म्हणजे सुलतानाच्या राज्याचं कितवं वर्ष याचा आकडा वेगळा, छोटासा असतो. तो ७ असेल तर १३२७मध्ये ६ मिळवायचे, म्हणजे १३३३, अर्थात १९१४-१५चा सुमार. हे ठाऊक नसेल तर निरनिराळ्या वर्षांची नाणी ‘१९०९ची’ म्हणून एकाच पाकिटात पडतात.

संकेतस्थळांपैकी सुरुवातीला नुमिस्टा पुरेसं आहे. ते संग्राहकांनीच भरलेलं आहे आणि स्वयंसेवक पंच नोंदी तपासतात. देश, मूल्य, धातू, व्यास, नाण्यावरची अक्षरं, यांपैकी काहीही टाकून शोधता येतं. नोंद उघडल्यावर नुसता फोटो जुळला की थांबू नका. वजन, व्यास, कडेचा प्रकार आणि दोन्ही बाजूंची एकमेकींशी असलेली दिशा, या चारही गोष्टी पडताळा. दिशा तपासायला नाणं वरच्या व खालच्या टोकाला दोन बोटांत धरा आणि उभ्या अक्षाभोवती फिरवा. मागची बाजूही सरळ दिसली तर ती पदक-पद्धतीची मांडणी, उलटी दिसली तर नाणे-पद्धतीची. आजची ब्रिटिश नाणी पहिल्या प्रकारची, अमेरिकी दुसऱ्या. नोंदीपेक्षा दिशा वेगळी निघाली तर तुम्ही चुकीच्या नोंदीवर आहात, किंवा टांकसाळीत साचा फिरला आहे, किंवा नाणं बनावट आहे. तिन्ही शक्यता तपासण्यासारख्या असतात.

नुमिस्टावर प्रत्येक नाण्यासमोर दुर्मिळतेचा ० ते १०० असा निर्देशांकही दिसतो. तो त्या साइटच्या सदस्यांच्या संग्रहांवरून काढलेला असतो. सदस्य कमी असलेल्या भागातलं अगदी साधं नाणंही तिथे दुर्मीळ दिसू शकतं. नवखे या आकड्याला बाजाराचा निवाडा समजतात, तसं करू नये.

प्राचीन नाण्यांकडे वळायचं असेल तर वाट वेगळी आहे आणि सुदैवाने ती मोफत आहे. रोमन साम्राज्याच्या नाण्यांसाठी ओसीआरई हे ऑनलाइन साधन आहे. ‘रोमन इम्पीरियल कॉइनेज’ या दहा खंडांच्या ग्रंथमालेवर ते आधारलेलं आहे, त्यात चाळीस हजारांहून अधिक प्रकार आहेत आणि १८५८मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीचा त्यात मुख्य वाटा आहे. रोमन प्रजासत्ताकाच्या नाण्यांसाठी सीआरआरओ आहे, त्याचा आधार क्रॉफर्ड यांचा १९७४चा ग्रंथ. पौर्वात्य नाण्यांसाठी, म्हणजे इस्लामी जग, भारत, मध्य आशिया, चीन, यांसाठी झेनो हा फोटोंचा प्रचंड साठा आहे. तिथे फोटो कोणी टाकला आणि खाली जाणकारांनी काय चर्चा केली ते वाचावं. कित्येकदा मूळ ओळख चर्चेत दुरुस्त झालेली असते. ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखालच्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या नोंदवहीत सामान्य लोकांना जमिनीत सापडलेल्या पंधरा लाखांहून अधिक वस्तू आहेत. त्यात झिजलेली, गंजलेली, तुटकी नाणी भरपूर आहेत, आणि नवख्याला त्यांचाच जास्त उपयोग. लिलावाच्या सूचीत फक्त देखणे नमुने असतात आणि हातातलं नाणं तसं क्वचितच असतं.

आता एकच नाणं घेऊन हे सगळं लावून पाहू. मारिया थेरेसा थालर. ऑस्ट्रियाचं मोठं चांदीचं नाणं, पुढे सम्राज्ञी मारिया थेरेसाचा मुखवटा, मागे दोन डोक्यांचा गरुड, सन १७८०. नवखा सन वाचतो आणि अठराव्या शतकातलं नाणं मिळालं म्हणून हरखतो. प्रत्यक्षात सम्राज्ञी १७८०मध्ये वारली आणि व्यापारात या नाण्याला इतकी मागणी होती की तोच सन ठेवून ते पुढे विसाव्या शतकातही पाडलं जात राहिलं. व्हिएन्ना, रोम, लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स, बर्मिंगहॅम, अगदी मुंबईच्या टांकसाळीतही. प्रमाण वजन २८.०७ ग्रॅम, चांदी हजारात ८३३. कडेवर उठावाची अक्षरं.

अशा नाण्याला कुठलं दार काय सांगतं? सर्वसाधारण कॅटलॉग ‘१७८०, पुनर्मुद्रण’ एवढंच सांगून थांबतो. पाडलं कुठे आणि साधारण कधी, हे कळायला या एकाच नाण्यावरचं विशेष साहित्य लागतं. त्यात मुखवट्यावरच्या बिल्ल्यातले मोती, गरुडाच्या शेपटीची पिसं, कडेवरच्या नक्षीचा आकार असे भेद मोजून दिलेले असतात. विशेष साहित्य शोधायचं कसं? सर्वसाधारण कॅटलॉगमधली नोंद, तिथे दिलेला संदर्भ-क्रमांक, मग लिलावाच्या वर्णनात त्या क्रमांकाशेजारी येणारी लेखकांची आडनावं. तीन-चार चांगल्या लिलाव-वर्णनांत एकच आडनाव पुन्हा पुन्हा आलं की त्या विषयाचा प्रमाणग्रंथ तोच असं समजायला हरकत नाही. कुठल्याही देशाच्या, कुठल्याही काळाच्या नाण्यांसाठी ही युक्ती चालते आणि तिला काही खर्च नाही.

अस्सल-नकलीचा प्रश्न वाचून सुटत नाही, मोजून सुटतो. पुस्तकाइतकाच ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा आणि व्यास-जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर महत्त्वाचा. चांदी-सोन्याच्या नाण्याची घनता घरी काढता येते. आधी कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा. बारीक दोऱ्याने नाणं पाण्यात पूर्ण बुडवा, पण ते तळाला किंवा भांड्याच्या कडेला टेकू देऊ नका. आता काटा जो आकडा दाखवतो तो बाजूला सरलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्याने भागलं की घनता मिळते. वरच्या थालरसाठी काटा साधारण २.७५ दाखवेल, म्हणजे घनता १०.२. तेवढ्याच वजनाचं नाणं तांबं-निकेलचं असेल तर आकडा ३.१५च्या आसपास जाईल, घनता ८.९. चुका दोन होतात. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर पाणी जास्त सरतं आणि चांगली चांदीही हलकी वाटते. नाणं तळाला टेकलं तर आकडा एकदम उडी मारतो. नंतर नाणं मऊ कापडावर ठेवून टिपून घ्या, पुसू नका. गंजलेल्या, भेगा पडलेल्या प्राचीन नाण्यांना आणि आरशासारख्या चकचकीत प्रूफ नाण्यांना ही चाचणी लावू नये.

या चाचणीची मर्यादाही बघा. घनता बरोबर आली म्हणजे धातू बहुधा बरोबर. थालर १७८० सालचा की १९४०चा, हे ती सांगू शकत नाही, कारण दोन्हींत चांदी तेवढीच. त्यासाठी पुन्हा विशेष साहित्याकडे जावं लागतं. चुंबकाचंही तेच. चांदीचं म्हणून दिलेलं नाणं चुंबकाला चिकटलं तर ते खोटंच, पण चिकटलं नाही म्हणून खरं ठरत नाही. तांबं आणि पितळही चिकटत नाहीत.

ओतीव नकला भिंगाखाली ओळखता येतात. पृष्ठभागावर बारीक खड्डे, अक्षरांच्या कडा बोथट, नाण्याच्या कडेवर सांध्याची रेघ किंवा ती घासून काढल्याच्या खुणा. खऱ्या नाण्यावरून साचा उठवून पाडलेल्या नकला अवघड. त्यांची गोम अशी की मूळ नाण्यावरचे खड्डे-ओरखडेही साच्यात उतरतात. म्हणून दोन ‘वेगळ्या’ नाण्यांवर अगदी त्याच जागी तोच ओरखडा दिसला तर दोन्हींवर संशय घ्या. विक्रीसाठी ठेवलेल्या नाण्याचा फोटो लिलावांच्या जुन्या फोटोंशी ताडून पाहण्याचं हे मुख्य कारण.

अवस्थेच्या बाबतीत एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. अवस्था मोजायला आज वापरात असलेली ७० अंकांची पट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी मांडली होती, नंतर ती सगळ्या नाण्यांना लागू केली गेली. १९८६मध्ये पीसीजीएस आणि १९८७मध्ये एनजीसी या कंपन्यांनी नाणी तपासून बंद डब्यांत द्यायला सुरुवात केली. पीसीजीएसच्या फोटोग्रेड या मोफत साधनात एकाच नाण्याचे चढत्या अवस्थांतले फोटो शेजारी-शेजारी दिसतात. ते मात्र अमेरिकी नाण्यांपुरतं आहे. त्यावरून आकडे पाठ करू नका. झीज कुठून सुरू होते ते बघा. प्रत्येक नाण्यावर सगळ्यांत उंच असलेले दोन-तीन बिंदू असतात, गाल, कानावरचे केस, गरुडाची छाती वगैरे. ते ओळखता आले की न पाहिलेल्या नाण्याचीही अवस्था सांगता येते. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत एकाच अवस्थेच्या नावाचा अर्थ थोडा वेगळा घेतला जातो, ब्रिटिश विक्रेते सहसा जास्त कडक. तेव्हा कोणाचं वर्णन वाचतो आहोत हे ध्यानात ठेवा.

डब्यातलं नाणंही तपासायचं असतं. डबे आणि लेबलंही बनावट निघतात. कंपनीच्या साइटवर क्रमांक टाका, आणि तिथे फोटो असेल तर नाण्यावरच्या खुणा एकेक करून जुळवा. नुसता क्रमांक सापडला म्हणून समाधान मानू नका, कारण नकली डब्यांवर बहुधा खऱ्या नाण्याचाच क्रमांक छापलेला असतो.

दुर्मिळतेबद्दल नवख्यांची सर्वांत जास्त दिशाभूल होते ती ‘किती पाडली’ या आकड्याने. अमेरिकेचं १९३३चं वीस डॉलरचं सोन्याचं नाणं ४,४५,५०० इतकं पाडलं गेलं होतं. जवळपास सगळी नाणी वितळवली गेली आणि आज ते जगातल्या सर्वांत दुर्मीळ नाण्यांत गणलं जातं. उलटही होतं. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीतला १९०३चा ‘मॉर्गन’ हा चांदीचा अमेरिकी डॉलर कित्येक वर्षं अत्यंत दुर्मीळ मानला जात होता. १९६२मध्ये सरकारी तिजोरीतून त्याच्या पिशव्याच्या पिशव्या बाहेर आल्या आणि जुन्या पुस्तकांतले शेरे रातोरात कालबाह्य झाले. म्हणून दुर्मिळतेबद्दलचं विधान वाचताना त्याचं साल आधी बघावं. नाण्यांची अवस्था ठरवून देणाऱ्या (ग्रेडिंग) कंपन्यांचे ‘आम्ही इतकी तपासली’ हे आकडेही जपून घ्या. जास्त अंक मिळावेत म्हणून तेच नाणं डब्यातून काढून पुन्हा पाठवलं जातं आणि दरवेळी नवं म्हणून मोजलं जातं. ते आकडे नाण्यांचे नसून तपासण्यांचे असतात.

किमतीसाठी नियम साधा आहे: मागितलेली किंमत सोडून द्या, मिळालेली किंमत बघा. त्यासाठी एसीसर्च आणि कॉइनआर्काइव्ह्ज ही लिलावांच्या निकालांची संकेतस्थळं आणि मोठ्या लिलावगृहांचे स्वतःचे संग्रह आहेत. एकाच प्रकारच्या, जवळपास त्याच अवस्थेच्या नाण्याचे गेल्या दोन-तीन वर्षांतले निदान पाच-सहा निकाल घ्या, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा बाजूला ठेवा. निकालात खरेदीदाराकडून घेतलं जाणारं कमिशन धरलं आहे की नाही ते तपासा. ते बऱ्याच ठिकाणी वीस टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे दोन साइटवरचे आकडे न तपासता शेजारी ठेवले तर तुलना फसते.

व्हिडिओंबद्दल. चांगले व्हिडिओ आहेत, पण ‘चुकीचं छापलेलं नाणं’ या विषयावरचे बहुतेक नवख्याला भरकटवतात. पारख करायला एकच प्रश्न पुरतो: ही चूक टांकसाळीत नेमकी कशी झाली, हे बोलणारा सांगतो का? खरी चूक तीनपैकी एका ठिकाणी होते, कोऱ्या चकतीत, साच्यात किंवा ठोका पडताना. यांपैकी कुठलंच कारण देता येत नसेल तर बहुधा ते नंतर झालेलं नुकसान आहे.

दुहेरी दिसणारी अक्षरं हा यातला नेहमीचा सापळा. १९५५चा प्रसिद्ध अमेरिकी सेंट साच्याच्या दोषामुळे दुहेरी आहे. त्या काळी साचा तयार करताना त्यावर मूळ ठसा एकाहून जास्त वेळा दाबत, आणि मधे तो किंचित फिरला की साच्यातच दोन प्रतिमा उमटत. अशा नाण्यावर दुसरी प्रतिमाही गोलसर, उठावदार असते आणि अक्षरांची टोकं स्पष्ट दुभंगलेली दिसतात. याउलट ठोका संपताना साचा नुसता हलला तर आधी उठलेलं अक्षर बाजूने चेपलं जातं. मग शेजारी एक सपाट, चकचकीत पायरी दिसते आणि अक्षर मुळापेक्षा बारीक होतं. हे अगदी सामान्य आहे आणि त्याला वेगळी किंमत नसते. दहापट भिंगाखाली हा फरक एकदा नीट पाहिला की असले निम्मे व्हिडिओ बंद करता येतात. फोटोवरून नाणं ओळखणारी ॲप्सही प्रकार सुचवण्यापुरतीच वापरावीत. टांकसाळीची बारीक खूण आणि साच्यातले भेद त्यांच्या हातून हमखास निसटतात, आणि त्यांनी दाखवलेली किंमत कुठून आली ते बऱ्याचदा कळत नाही.

खोलात जायचं असेल तेव्हा जुनी नियतकालिकं वाचा. लंडनची रॉयल न्युमिस्मॅटिक सोसायटी १८३६ची आणि तिचं ‘न्युमिस्मॅटिक क्रॉनिकल’ आजही निघतं. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या न्यूमन न्युमिस्मॅटिक पोर्टलवर जुने लिलाव-कॅटलॉग आणि मासिकं प्रचंड संख्येने मोफत वाचता येतात. शंभर वर्षांपूर्वीच्या लेखातले निष्कर्ष बदललेले असू शकतात, पण नाण्यांची वजनं, सापडलेल्या साठ्यांच्या याद्या आणि छायाचित्रं आजही कामाची असतात.

जाणकाराला विचारायचं असेल तर प्रश्न पूर्ण विचारा. दोन्ही बाजूंचे सरळ फोटो, कडेचा फोटो, ग्रॅममध्ये वजन दोन दशांशांपर्यंत, मिलिमीटरमध्ये व्यास, चुंबकाचा निकाल आणि तुम्ही आत्तापर्यंत कुठली नोंद जुळवून पाहिली ते. ‘हे किती जुनं आणि कितीला जाईल?’ एवढंच विचारलं तर उत्तरही अंदाजाचंच येतं. उत्तर देणारा संदर्भ-क्रमांक देतो का, ‘फोटोवरून एवढंच सांगता येईल’ असं म्हणतो का, यावरून त्याचा दर्जा कळतो. तोच माणूस तुमचं नाणं विकत घ्यायला उत्सुक असेल तर मत दुसऱ्याकडून घ्या.

आणि एखाद्या नोंदीत चूक सापडली, समजा तिथलं वजन प्रत्यक्ष मोजलेल्या पाच नाण्यांशी जुळत नाही, तर आधी ते प्रमाण वजन आहे की एखाद्या झिजलेल्या नमुन्याचं, हे पाहा. तरीही फरक राहिला तर पाचही नाण्यांचे फोटो आणि वजनं जोडून नुमिस्टावर दुरुस्ती सुचवा. पंच ती तपासतात, आणि पुराव्यानिशी आलेली दुरुस्ती नोंदीत घेतली जाते.